पंखाच्या टोकावरचा ठिपका

फोटोवाल्याने जन्मभर एकच काम केलं होतं. लोकांच्या तोंडावरचे डाग काढायचे. पुटकुळ्या, जुने व्रण, डोळ्यांखालचं काळं, कॉलरवर पडलेला केस. आधी बारीक ब्रशने, पुढे कॉम्प्युटरवर. मेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायला आला, तर आजारपणाची दोन-चार वर्षं तो चेहऱ्यावरून उतरवून द्यायचा. घरचे लोक डोळे पुसत म्हणायचे, "अगदी अस्सेच होते हो."

त्याच्या स्टुडिओत एक नियम होता. साफ केलेला फोटो ठेवायचा, कच्चा त्याच दिवशी पुसून टाकायचा. हा नियम उगाच नव्हता. एकदा कच्चा फोटो मागे राहिला आणि चुकून तोच मोठा करून छापला गेला. नवरीच्या बापाने दुकान डोक्यावर घेतलं. "माझ्या पोरीला काय देवी आल्या होत्या का?" म्हणून भर बाजारात बोंब मारली. तेव्हापासून कच्चं काही ठेवायचं नाही, हे फोटोवाल्याच्या अंगात भिनलं होतं.

त्याची बायको शिवणकाम करायची. सहा वर्षांपूर्वी तिची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, मशिनवर बसणं कमी करा. मग सकाळची कामं आटोपली की ती मागच्या दारी नळाजवळ खुर्ची टाकून बसायची. नळाच्या ओलीवर कर्दळ माजली होती. तिथे तिला ती माशी दिसली. मुगाच्या डाळीएवढी, अंगावर हिरव्या सोन्याचं पाणी दिल्यासारखी, आणि पाय मात्र कुणाचे तरी उसने आणल्यासारखे लांबच लांब.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "ही बघा, काठ्यांवर चालते."

"माशीच ना ती? हाकल."

"हाकल काय? नखऱ्याची आहे. बसली की पंख हलवून दाखवते."

फोटोवाला हसला आणि दुकानातला एक जुना कॅमेरा तिला आणून दिला. जवळचं टिपणारी काच त्याला होतीच. त्याला वाटलं, चार दिवसांची हौस. पण तिने सहा वर्षं माश्या टिपल्या. कुठूनशी तिला एका म्हाताऱ्या प्राध्यापकांची माहिती मिळाली. उष्ण मुलखांतून लोक त्यांना या लांब पायांच्या माश्यांचे फोटो पाठवायचे. ते नावं ओळखून त्यांची एक मोठी यादी ठेवायचे. सगळे त्यांना माशीमास्तर म्हणायचे. त्या यादीत बायकोच्या तीनशे चाळीस नोंदी झाल्या होत्या.

आता ती जाऊन तीन महिने झाले होते. शेवटच्या आठवड्यात, तोंडात पाण्याचा घोट ठरत नव्हता तेव्हा, ती म्हणाली होती, "तेवढं मास्तरांना विचारा हो. नळाजवळच्या खालच्या पानावर बसते, तिचं नाव काय ते. मला वाटतं, ती त्यांच्या यादीत नाहीच." मग थोडं थांबून म्हणाली, "नसली तर नसली. पण विचारा."

तेवढंच एक मागणं. ते घेऊन फोटोवाला एका सकाळी दोन बस बदलून माशीमास्तरांच्या दारात उभा राहिला. पिशवीत तिची वही होती आणि एका मेमरी कार्डावर त्या माशीचे एकतीस फोटो.

मास्तरांच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास भरला होता. भिंतभर उथळ खण आणि खणांत ओळीने टाचण्यांवर लावलेल्या माश्या. उकाडा मी म्हणत होता आणि पंखा बंद.

"बसा," मास्तर म्हणाले. "पंखा लावत नाही, राग मानू नका. लावला की माझे पाहुणे पाय टाकून जातात. फार नाजूक असतात. जिवंत असताना नखरे, मेल्यावरही नखरे."

फोटोवाला खुर्चीच्या कडेवर बसला.

"बाईंचं कळलं," मास्तर जरा वेळाने म्हणाले. "वाईट झालं. काय फोटो असायचे त्यांचे! बाकीचे लोक पाठवतात, मला कळत नाही ही माशी आहे की भिंतीला पुसलेलं बोट. बाईंचे मात्र आरशासारखे. मी त्यांना एकदा लिहिलंही होतं, तुमच्याकडच्या माश्या भारी टापटिपीच्या दिसतात."

फोटोवाल्याला बरं वाटलं. त्या फोटोंवरचा प्रत्येक डाग त्यानेच काढला होता. रोज दुकान बंद करण्याआधी अर्धा तास तिच्या माश्यांसाठी. 'ते साफ मी करायचो,' असं तो म्हणणार होता, पण मास्तरांनी वही मागितली.

"तिला एकीचं नाव हवं होतं," फोटोवाला म्हणाला.

"नाव सगळ्यांनाच हवं असतं. हे बघा, फोटोवरून घराणं सांगणं सोपं. लांब पाय, चमकतं अंग, पानावर उन्हात बसणं, म्हणजे आमच्याच घराण्यातली. पण या घराण्यात हजारो जाती. फोटोवरून जात सांगायची म्हणजे पाठमोऱ्या माणसाचं नाव सांगण्यातला प्रकार. पंखांच्या शिरा बघायच्या, डोक्यावरचे राठ केस बघायचे, नराच्या पायावर कधी काही सजावट असते ती बघायची. बाकी पक्कं नाव पाहिजे तर माशी मारून सुईवर लावायला लागते."

"ती मारायची नाही."

"माहीत आहे मला. दोनदा मागितली होती मी. उत्तर आलं, 'मास्तर, तिचंही काही काम अर्धं राहिलं असेल.'" मास्तर हसले. मग चष्मा कपाळावर चढवून वही वाचू लागले.

बायकोचं अक्षर टाक्यांसारखं होतं, बारीक आणि सारख्या अंतरावर. मास्तरांनी एक नोंद मोठ्याने वाचली. "'आज परत तीच आली. नर असावा. मधल्या पायाला आतल्या बाजूने झालर आहे, बाळाच्या झबल्याला लावतो तशी, पण खालच्या अर्ध्या पायालाच. दोन्ही पंखांच्या टोकाला तपकिरी ठिपका. पंख फडकवते तेव्हा आधी ठिपकेच दिसतात.'"

मास्तर ताठ बसले.

"झालर आणि ठिपका? एकाच अंगावर?"

ते उठले. त्यांनी तीन खण काढले, परत लावले, चौथा काढला. त्यांचे हात म्हाताऱ्याचे राहिले नव्हते. "ठिपक्याच्या आहेत माझ्याकडे. झालरीच्याही आहेत. दोन्ही असलेली मी तरी बघितली नाही. चाळीस वर्षांत नाही. अहो, बाईंनी काय धरून ठेवलंय तुम्हाला कल्पना आहे का? कार्ड द्या."

फोटोवाल्याने कार्ड दिलं. त्या क्षणी त्याला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं झालं. ती खरी होती. तिचं खरं होतं.

स्क्रीनवर पहिला फोटो आला. हिरवीगार कर्दळ, हिरवीगार माशी. मास्तरांनी फोटो मोठा केला. पंख काचेसारखे स्वच्छ. पाय तारेसारखे गुळगुळीत. दुसरा फोटो. तिसरा. मास्तर नाक स्क्रीनला लावून बसले होते. एकतीस फोटो झाले. त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

"काहीच नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी वहीची शेवटची पानं उलटली आणि एका पानावर थांबले. वाचलं, आणि वही फोटोवाल्यापुढे सरकवली.

त्याने ही पानं बघितली नव्हती. त्याला वहीत शोधायचं काहीच नव्हतं. पानावर पाच-सहा नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीतला 'ठिपका' आणि 'झालर' सरळ रेघ मारून खोडले होते. खाली लिहिलं होतं, 'फोटोत ठिपका नाही. झालरही नाही. यांना विचारलं, तेही नाही म्हणाले. औषधांनी माझे डोळे गेले बहुतेक. जे नाही ते लिहू नये.'

"होतं असं," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "त्या औषधांनी डोळ्यांपुढे ठिपके नाचतात. माझ्या भावाचं तसंच झालं होतं. मी नोंदीत लिहितो, वर्णन फोटोशी जुळत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत दोष. ही नेहमीचीच माशी असणार. बाकीच्या तीनशे नोंदी आहेतच की त्यांच्या. कमी का आहेत?"

फोटोवाला ऐकत नव्हता. त्याला ती दुपार आठवत होती. ती उशीला टेकून बसली होती. साफ केलेले फोटो त्याने तिच्यापुढे धरले होते आणि तिने एका पंखावर बोट ठेवून विचारलं होतं, "अहो, इथे टोकाला तुम्हाला काही दिसतं का?"

"काही नाही गं," तो म्हणाला होता. खुशीत म्हणाला होता. "लख्ख आहे."

"खरंच नाही?"

"एक कण नाही. बघून घे."

"बरं," ती म्हणाली होती आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्याला वाटलं, दमली. त्यानंतर तिने कॅमेरा मागितला नाही. तोही अशक्तपणाच समजून त्याने सोडून दिलं होतं.

कर्दळीच्या पानांवर बुरशीचे तपकिरी ठिपके होते. माशीचे पंख आरपार. पंखाच्या टोकाला काही तपकिरी दिसलं की त्याला वाटायचं, मागच्या पानावरचं आहे. उडवून टाकायचा. पायाला काही तुसासारखं लागलेलं दिसलं की तेही उडवायचा. एकतीस फोटोंत दोन-दोन पंख. बासष्ट ठिपके त्याने आपल्या हाताने काढले होते. आणि कच्चे फोटो त्याच दिवशी पुसले होते.

"येतो," एवढंच म्हणून तो उठला.

तिथून तो थेट दुकानात गेला. तिथल्या भागीदाराने तिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड मशिनला लावून पाहिलं. पुसलेलं परत काढायची त्याला युक्ती माहीत होती. त्यावर चार दिवस खटपट केली. पण त्याच कार्डावर नंतर तीन लग्नं आणि एका शाळेचं संमेलन होऊन गेलं होतं.

"काही नाही निघत," भागीदार म्हणाला. "नवऱ्या निघतायत नुसत्या. तूच शिकवलंस ना, कच्चं ठेवायचं नाही."

"मीच शिकवलं."

लेकीचा फोन आला. ती दूर राहायची. तिला त्याने सगळं सांगितलं.

"बाबा, सोडा ना आता. एका माशीसाठी किती जिवाला लावून घ्याल?"

"माशीसाठी नाही गं."

"मग?"

"तुझी आई डोळे गेले असं समजून गेली. तिचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते. मी तिला आंधळी केली."

लेक पलीकडून म्हणाली, "जेवलात का?"

"हो," तो म्हणाला. जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. फोटोवाला कॉम्प्युटरसमोर बसला आणि एकतिसातला पहिला फोटो उघडला. एक विचार रात्रीपासून त्याच्या डोक्यात बसला होता. काढता येतं ते घालताही येतं. तपकिरी रंग घ्यायचा, पंखाच्या टोकाला एक ठिपका ठेवायचा, कडा जराशा विरवायच्या. पायाला आतून बारीक केस. त्याच्या हाताला ते अर्ध्या तासाचं काम. मास्तरांना सांगायचं, एक कच्चा फोटो सापडला. खोटं नव्हतंच ते. होता तो ठिपका.

त्याने रंग घेतला. माउस पंखाच्या टोकावर नेला. आणि हात थांबला.

टोकाला म्हणजे नेमका कुठे? अगदी टोकाला की जरा अलीकडे? पंखाच्या वरच्या कडेला चिकटून की मधोमध? गोल होता की लांबट? झालरीचे केस किती लांब? सरळ की वाकलेले?

त्याला काहीच आठवेना. बासष्ट वेळा त्या ठिपक्यावर त्याने हात फिरवला होता. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, मोठा करून. आणि एकदाही तो बघितला नव्हता. डाग म्हणून बघितला होता, आणि डाग बघायचा नसतो, काढायचा असतो. तिने मात्र खुर्चीवर बसून, चार हातांवरून, आजारपणात बघितला होता.

त्याने एक ठिपका ठेवून पाहिला. मग पुसला. जरा खाली ठेवला. तोही पुसला. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. शेवटी त्याने मशीन बंद केलं.

आता उरलं होतं मास्तरांना खरं सांगणं. पण त्यातही मेख होती, आणि ती न कळण्याइतका तो खुळा नव्हता. त्याने एकतीसच फोटो साफ केले नव्हते. सहा वर्षांतले जवळजवळ सगळे केले होते. हे सांगितलं, की तिच्या यादीतल्या कुठल्याच फोटोवर मास्तरांचा विश्वास राहणार नाही. गप्प बसलं, तर तीनशे नोंदींखाली तिचं नाव राहील. फक्त एका नोंदीत 'नजरेत दोष' एवढं राहील. एवढ्याने काय मोठं बिघडतं? ती कुठे वाचायला येणार आहे?

दोन दिवस त्याने असंच स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी कपाट आवरताना तिचं उसवायचं हत्यार हाताला लागलं. लाकडी मुठीचं, टोकाशी दोन दातांचं. ती शिवणीला एक टाका चुकला तरी अख्खी शिवण उसवायची. तो म्हणायचा, "अगं, आतली बाजू आहे, कोण बघतंय?" ती म्हणायची, "मी बघितला ना." आणि उसवत बसायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

तो कपडे घालून निघाला. दोन बस बदलल्या.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

"किती साफ केले म्हणालात?"

"सगळे. पहिले थोडे सोडून. सुरुवातीला ती स्वतःच पाठवायची."

"आणि मी लिहिलं, टापटिपीच्या माश्या!" मास्तर हसायला गेले, पण हसू आलं नाही. "अहो, तुम्ही काय केलंत! या सहा वर्षांत ज्या माश्यांना मी नावं दिली, त्या कुणाच्या काय होत्या कोण जाणे. शिरा तरी ठेवल्यात का?"

"कुठे कुठे अस्पष्ट होत्या. त्या मी... जोडल्या."

"जोडल्या," मास्तर म्हणाले.

फोटोवाल्याने मान वर केली नाही.

"मला या सगळ्या नोंदी काढाव्या लागतील," मास्तर म्हणाले. "तुम्हाला कळतंय ना? हे बोलला नसतात तर राहिल्या असत्या."

"कळतंय."

"मग बोललात का?"

"तिला ठिपका दिसला होता, मास्तर. तिच्या नजरेत दोष नव्हता. तेवढं खोडा."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते कॉम्प्युटरकडे वळले. एकेक नोंद उघडायची, काढायची. फोटोवाला शेजारी बसून बघत होता. हिरवी, निळी, सोनेरी, एकामागून एक माश्या जात होत्या. प्रत्येक फोटो त्याला ओळखू येत होता. हा साफ करताना चहा थंड झाला होता. हा बघून ती म्हणाली होती, "अगं बाई, किती छान." दुपार टळेपर्यंत तीनशे सव्वीस नोंदी गेल्या.

चौदा उरल्या. पहिल्या वर्षीच्या. एकही फोटो धड नव्हता. एकात नुसतं पान, कोपऱ्यात हिरवा थेंब. एकात हात हललेला. एकात माशी उडून गेलेली आणि तिची सावली राहिलेली.

"यातली एकही ओळखू येत नाही," मास्तर म्हणाले. "पण हे खरे आहेत. घराणं लिहून ठेवतो. बाकी काही लिहिता येणार नाही."

"आणि ती?"

"ठिपक्याची? तुमच्यावर माझा विश्वास आहे. बाईंवर तर आहेच. पण यादीचा कुणावर विश्वास नसतो. तिला फोटो लागतो, नाहीतर माशी." त्यांनी 'नजरेत दोष' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'फोटो दुरुस्त केलेले. उपयोगाचे नाहीत.' मग निघताना दारापर्यंत आले. "कर्दळ आहे ना अजून? तिथेच बसा. आली तर जसा येईल तसा टिपा. धूळ, घाण, सगळं राहू द्या. हात लावू नका."

कर्दळ होती, पण तीन महिने तिला कुणी पाणी घातलं नव्हतं. पानं करपून नळाभोवती लोंबत होती. फोटोवाल्याने मेलेली पानं कापली आणि रोज बादलीभर पाणी घालू लागला. महिन्याने चार कोंब आले. आणखी महिन्याने पानं उलगडली. मग माश्याही आल्या. लांब पायांच्या, हिरव्या, बसल्या की पंख हलवणाऱ्या.

तो सकाळी तिची खुर्ची टाकून बसतो. ऊन खालच्या पानावर येतं तेव्हापासून ते भिंतीवर चढेपर्यंत. दुकान भागीदार बघतो. काचेवर धूळ बसली तरी तो पुसत नाही. आतापर्यंत सहाशेवर फोटो झालेत. ते त्याने कच्चेच्या कच्चे मास्तरांना पाठवले. मास्तर दर वेळी एका ओळीत कळवतात, 'ही नेहमीची.' हल्ली ते असंही लिहितात की ओल एकदा तुटली की काही जाती त्या जागी परत येत नाहीत.

आज सकाळी एक माशी नळाजवळच्या खालच्या पानावर येऊन बसली. अगदी तिथेच. माशी दोन पावलं पुढे सरकली, उन्हात आली आणि तिने पंख फडकवले. एकदा. दोनदा. त्याने कॅमेरा उचलला नाही. नुसतंच बघितलं, जसं तिने बघितलं असेल तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

पंख स्वच्छ होते.